दाबायचे नाही, नुसते शिवायचे

मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यासारख्या गावात हिंजवडी जवळ आली. आता एखाद्या घरात टाळ-मृदंगाच्या जोडीला गिटार आली, तर नवल मानू नका. पण महिनाभरातच मूल म्हणते, 'बोटे दुखतात, मला नाही शिकायचे.' आणि हजारो रुपयांचे वाद्य खुंटीला लागते. अशा वेळी त्याला ही गंमत दाखवा. हिच्यात बोटाला त्रास नाही.

गिटारच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे असतात. खुंट्यांकडून मोजत बाराव्या पडद्यावर या. अगदी त्याच्या डोक्यावर तारेला बोट हलकेच शिववा, दाबू नका. उजव्या हाताने तार छेडा आणि लगेच बोट उचला. बासरीसारखा स्वच्छ, उंच स्वर निघेल. त्याला हार्मोनिक म्हणतात. बोट जड पडले तर नुसते 'ठप्' वाजते. रागावू नका, सुरुवातीला सर्वांचेच तसे होते.

हे कसे घडते? गोठ्यातले लांब चऱ्हाट घ्या. एक टोक खांबाला बांधा, दुसरे मुलाच्या हातात द्या. सावकाश हलवले की दोराला एकच पोट येते. दुप्पट वेगाने हलवले की दोन पोटे येतात आणि मधली जागा जवळजवळ स्थिर राहते. छेडलेल्या तारेत अशी एक, दोन, तीन, चार पोटांची हालचाल एकाच वेळी चालते. मध्यावर बोट लागले की तिथे हलणाऱ्या साऱ्या हालचाली विझतात. ज्यांचा मध्य मुळातच स्थिर, त्या तेवढ्या उरतात. तो उंच स्वर तारेत होताच, बरे का! बाकीच्यांच्या गलक्यात वेगळा कळत नव्हता.

मोकळ्या तारेला सा धरला, तर बाराव्या पडद्यावर वरचा सा मिळतो. सातव्यावर तारेचा तिसरा भाग येतो, तिथे पंचम. चौथ्याच्या जवळपास पाचवा भाग, तिथे गंधार. पण तो नवशिक्याला लवकर सापडत नाही.

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते, तरी सुरात लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावली की तो खुलतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा भोपळा येतो पंढरपूर भागातल्या शेतकऱ्यांच्या रानातून.

घरी गिटार नसेल तर एकतारी घ्या आणि सुताने मोजून तारेचा मध्य काढा. सप्ताहातल्या वीणेवर मात्र हा प्रयोग नको. ती पहाऱ्याने हातोहात फिरते, खाली ठेवायची नसते.