तिकीट किती दिवसांचे?

जत्रेत पाळण्यात बसावयाचे असेल, तर पाळणेवाल्याच्या हातावर पैसे ठेवावे, ठरलेल्या फेऱ्या घ्याव्या आणि उतरावे, असा सरळ व्यवहार असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ॲनाहाइम या गावी, वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी ‘डिस्नेलँड’ उघडले, तेव्हा तेथेही आरंभी हीच रीत होती. आत जाण्याचे पैसे निराळे आणि प्रत्येक खेळाचे निराळे. थोड्याच महिन्यांत तेथे तिकिटांच्या पुस्तिका निघाल्या. साध्या खेळांना ‘ए’ अक्षराचे तिकीट लागे, त्याहून बऱ्या खेळांना ‘बी’ आणि ‘सी’. पुढे १९५६ साली ‘डी’ आणि १९५९ साली ‘ई’ अशी दोन अक्षरे वाढली. सर्वांत थरारक खेळ अर्थातच ‘ई’च्या वाट्याला आले. लोक ‘ई’ची तिकिटे आधी संपवीत आणि ‘ए’ची तिकिटे घरी नेऊन खणात टाकीत. हे अक्षर लोकांच्या बोलण्यात इतके रुळले की, जून १९८३ मध्ये सॅली राइड ही पहिली अमेरिकन स्त्री अंतराळात गेली, तेव्हा तिने आपला उड्डाणाचा अनुभव ‘ई’ तिकिटाच्या तोलाचा असल्याचे भूमीवरील सहकाऱ्यांना कळविले! गंमत अशी की, त्या पुस्तिका त्यापूर्वीच, १९८२ साली, बंद झाल्या होत्या.

तेव्हापासून दारात एकदाच पैसे भरावयाचे आणि दिवसभर हवे तितके खेळ खेळावयाचे, अशी पद्धत पडली. अशा विहारोद्यानाला थीम पार्क म्हणतात. एखादी कल्पना धरून तेथील इमारती, खेळ, संगीत, इतकेच काय, उपाहारगृहेसुद्धा रचलेली असतात. नव्या पद्धतीने एक प्रश्न मिटला. पण दुसरा उभा राहिला. कोणता खेळ खेळावा हे आता तिकीट ठरवीत नाही. मात्र तिकीट किती दिवसांचे घ्यावे, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे लागते.

हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो फ्लॉरिडा राज्यातील ऑरलँडो शहराच्या परिसरात. तेथे १ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ सुरू झाले. त्याची जमीन सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईच्या मूळ शहर-बेटापेक्षाही ती मोठी भरते. या जमिनीवर आज चार थीम पार्क आहेत. पहिल्या ‘मॅजिक किंगडम’नंतर १९८२ साली ‘एपकॉट’, १९८९ साली चित्रपटसृष्टीवर आधारलेले तिसरे आणि १९९८ साली प्राण्यांचे चौथे उद्यान उघडले. जवळच ‘युनिव्हर्सल’ या प्रतिस्पर्धी कंपनीची उद्याने आहेत; त्यांतील ‘एपिक युनिव्हर्स’ तर मे २०२५ मध्येच सुरू झाले. एवढा पसारा एका दिवसात पाहून होणे नाही. म्हणूनच दूरदूरची कुटुंबे येथे दोन-दोन आठवडे मुक्काम करतात.

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराचे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू या. आईवडील, अकरा वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि आजी अशी ही पाच माणसे आहेत. उन्हाळी सुटीतील चौदा दिवसांसाठी त्यांनी तीन वर्षे पैसे साठविले आहेत. अशी सुटी त्यांना पुन्हा लवकर मिळणार नाही. विमानाच्या भाड्याखालोखाल मोठा खर्च आहे तो तिकिटांचा. अकरा वर्षांची मुलगी घरात लहान समजली जात असली, तरी तिकिटाच्या खिडकीवर ती प्रौढ ठरते, कारण तेथे तीन ते नऊ वर्षांपर्यंतच बालकाचा दर लागतो आणि दहाव्या वर्षापासून पुरा. तीन वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

तिकिटाचे दिवस जसे वाढतात, तसा दर दिवसाचा भाव उतरत जातो. हिशेबाच्या सोयीसाठी एका दिवसाच्या तिकिटाला १०० नाणी पडतात असे समजू. चार दिवसांचे तिकीट ३६० नाण्यांना, सात दिवसांचे ४५५ ला आणि दहा दिवसांचे ५०० ला मिळते असे धरू. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत; पण खऱ्या किमतींची चाल अशीच असते. रोजचा भाव येथे १०० वरून ९०, मग ६५ आणि शेवटी ५० वर येतो. पत्रकावर हा शेवटचा आकडा ठळक छापलेला असला, की माणसाला वाटते, दहा दिवसांचेच तिकीट स्वस्त.

येथेच पुष्कळांची फसगत होते. या कुटुंबाला डिस्नेच्या उद्यानांत सातच दिवस घालवावयाचे असतील, तर दहा दिवसांच्या तिकिटाने त्यांचे पैसे वाचत नाहीत. दर माणशी ४५ नाणी अधिकच जातात. ५०० नाणी सात दिवसांवर वाटली, तर रोजचा भाव ७१ च्या वर जातो. म्हणजे पत्रकावरचा भाव ५० आणि प्रत्यक्षातला ७१! सात दिवसांच्या तिकिटात तो ६५ च होता. सरासरी भाव पाहून तिकीट घेऊ नये, तर पुढचा एक दिवस किती पैशांत पडतो आणि तो आपण खरोखर वापरणार आहोत का, हे पाहावे. चारांवरून सात दिवसांवर जाताना वाढणाऱ्या तीन दिवसांपैकी प्रत्येकाला सुमारे ३२ नाणी पडतात. एक दिवसाच्या सुट्या तिकिटाशी ताडून पाहता हा सौदा उत्तम आहे. सातांवरून दहांवर जाताना तर दिवसाला केवळ १५ नाणी पडतात. परंतु नको असलेली वस्तू १५ नाण्यांनाही महागच.

मग कंपनी पुढचे दिवस इतके स्वस्त का विकते? कुटुंब एकदा ऑरलँडोस पोहोचले, की ते आपल्या उद्यानात राहील की शेजारच्या, हाच तिच्यापुढचा प्रश्न असतो. ज्याच्या खिशात डिस्नेचे आणखी तीन दिवस शिल्लक आहेत, तो शेजारी तिकीट काढावयास कशाला जाईल? शिवाय आत आलेला माणूस जेवतो, सरबत पितो, मुलांसाठी टोप्या आणि बाहुल्या घेतो. ब्रिटनमधील प्रवाशांसाठी डिस्ने कंपनी सात आणि चौदा दिवसांची खास तिकिटे विकत आली आहे, त्यांमागेही हाच विचार दिसतो.

ऑक्टोबर २०१८ पासून बहुदिवसीय तिकिटांचे भाव तारखेवर अवलंबून असतात. नाताळात गर्दी, म्हणून भाव चढा. सप्टेंबरात गर्दी ओसरते, म्हणून उतरता. शाळकरी मुलांच्या घरांना याचा लाभ सहसा घेता येत नाही, कारण सप्टेंबरात शाळा भरलेली असते. त्याच वेळी तिकिटाची मुदतही दिवसांच्या संख्येनुसार ठरू लागली. चार दिवसांचे तिकीट सात दिवसांच्या आत, सात दिवसांचे दहा दिवसांच्या आत आणि दहा दिवसांचे चौदा दिवसांच्या आत वापरावे लागते. २००५ पूर्वीच्या तिकिटांवर उरलेले दिवस कधीच बाद होत नसत. आता तसे नाही, आणि उरलेले दिवस दुसऱ्याला विकणे हा फ्लॉरिडाच्या कायद्याने गुन्हा आहे. प्रवेशद्वारावर बोट टेकवून तिकिटाचा धनी तोच आहे, याची खात्री करून घेतात.

एकाच दिवशी एकाहून अधिक उद्यानांत जाण्याची मुभा देणारे तिकीटही मिळते. त्याला अधिक पैसे पडतात. दोन-तीन दिवसांसाठी आलेल्यास ते उपयोगी आहे. परंतु ज्याच्यापाशी सात दिवस आहेत, त्याला प्रत्येक उद्यानासाठी स्वतंत्र दिवस सहज देता येतो. एका उद्यानातून दुसऱ्यात जाण्यातच तासभर मोडतो, हेही ध्यानात घ्यावे. रांग टाळण्याची सोय १९९९ पासून बरीच वर्षे विनामूल्य होती. ऑक्टोबर २०२१ पासून तिला पैसे पडू लागले. म्हणजे खेळागणिक दाम मोजण्याची जुनी रीत मागील दाराने परत आली म्हणावयाची.

तिकिटात न लिहिलेल्या गोष्टीही हिशेबात धराव्या लागतात. ‘स्पेस माउंटन’ या मॅजिक किंगडममधील खेळाला किमान ११२ सेंटिमीटर उंची लागते. पाच वर्षांचा मुलगा पुष्कळदा तेवढा उंच नसतो, आणि दारातील मोजपट्टीपुढे रडण्याचा काही उपयोग होत नाही. अशा वेळी आईने मुलापाशी थांबावे, वडिलांनी खेळून यावे आणि मग आईने पुन्हा रांग न लावता आत जावे, अशी सोय तेथे आहे. उन्हाळ्यात तेथे दुपारी वीज कडाडू लागते. तेव्हा उघड्यावरचे खेळ बंद ठेवतात. उन्हात दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे घडते. आजीच्या गुडघ्यांना ते सात दिवस झेपेल काय, हा प्रश्न पैशांच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, आणि तो आजीलाच विचारला पाहिजे.

तेव्हा मँचेस्टरच्या या कुटुंबाची आखणी अशी बसते. पहिला दिवस प्रवासाचा. दुसरा आणि तिसरा युनिव्हर्सलच्या उद्यानांचा. त्यांचे तिकीट वेगळे. चौथ्यापासून तेराव्यापर्यंतचे दहा दिवस म्हणजे सात दिवसांच्या तिकिटाची पुरी मुदत. त्या दहांपैकी सात डिस्नेला, एक समुद्रकाठच्या केनेडी अंतराळ केंद्राला आणि दोन अगदी मोकळे ठेवलेले, पाऊस पडला किंवा पाय दुखले तर हाताशी असावेत म्हणून. आजीसाठी मात्र चार दिवसांचेच तिकीट घेतले. ते सलग सात दिवसांत केव्हाही वापरता येते. वाचलेल्या ९५ नाण्यांचे काय करावयाचे, हे तीच ठरवील. ज्या दिवशी इतर मंडळी उंच घसरगाड्यांवर असतील, त्या दिवशी ती मुक्कामाच्या तळ्याकाठी सावलीत बसणार आहे, आणि नातवाने आपणही तिच्याबरोबर राहणार असे आताच सांगून ठेवले आहे.