ठेका धरणारी गिटार

जेम्स ब्राउनच्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ या १९६५ सालच्या गाण्यात एक जागा आहे. ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन सगळे एकदम थांबतात. ब्राउनचा आवाजही थांबतो. त्या मोकळ्या जागेत एकटी गिटार एकच स्वरमेळ भरभर छेडते, जेमतेम दोन सेकंद, आणि मग सगळा संच पुन्हा धावत सुटतो. फंक नावाचं संगीत कुठून सुरू झालं यावर जाणकार अजून भांडतात. माझ्यापुरती ती जागा या दोन सेकंदांत आहे. ते वाजवणारा हात जिमी नोलनचा.

नोलनचा जन्म ३ एप्रिल १९३४ चा, ओक्लाहोमा सिटीचा. लहानपणी हाती व्हायोलिन होतं. टी-बोन वॉकरच्या ब्लूज ध्वनिमुद्रिका ऐकून चौदाव्या वर्षी तो गिटारकडे वळला. इलेक्ट्रिक गिटारवर ब्लूजचा सोलो कसा बोलतो हे त्या पिढीला वॉकरनेच शिकवलं, आणि नोलनची पहिली तालीम तीच. टल्सा शहरातल्या क्लबात तो वाजवत असताना जिमी विल्सन या गायकाने त्याला हेरलं आणि लॉस एंजेलिसला नेलं. तिथे चक हिगिन्ससारख्या वादकांबरोबर त्याने साथ केली. १९५६ साली फेडरल कंपनीने त्याच्या स्वतःच्या नावाने ‘स्ट्रोलिन विथ नोलन’ काढलं. त्याच वर्षी त्याच कंपनीतून जेम्स ब्राउनचंही पहिलं गाणं बाहेर पडलं होतं. दोघांची गाठ पडायला मात्र अजून नऊ वर्षं होती.

‘स्ट्रोलिन विथ नोलन’ मुद्दाम ऐकावं. त्यात तो मोकळेपणाने, लांब दमाचे सोलो वाजवतो. या माणसाला सोलो येत नव्हता म्हणून तो ठेका धरत बसला, असा गैरसमज त्याने साफ पुसला जातो.

पुढे तो जॉनी ओटिसच्या संचात गेला. ओटिसच्या १९५८ च्या गाजलेल्या ‘विली अँड द हँड जाइव्ह’मधली गिटार त्याचीच. नंतर स्वतःचा संच बांधून त्याने लॉस एंजेलिसच्या क्लबांत बाहेरगावाहून येणाऱ्या कलाकारांना साथ दिली. पडद्यावर दिसत नाही, मुलाखतीत येत नाही, पण गायक गावात आला की ज्याच्याशिवाय भागत नाही, अशा कामकरी वादकाचं हे आयुष्य होतं. १९६५ च्या सुरुवातीला ब्राउनचा गिटारवादक लेस ब्यूई वर्षानुवर्षांच्या प्रवासाला कंटाळला. त्याच्या शिफारशीवरून नोलन त्याच्या जागी आला. काही दिवसांतच, फेब्रुवारीत, पुढच्या कार्यक्रमाला जाता जाता संचाची बस नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला थांबली आणि आर्थर स्मिथच्या स्टुडिओत ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ तासाभराच्या आत ध्वनिमुद्रित झालं.

आता त्याच्या हातांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी गंमत तिथे आहे.

आपल्याला तीनतालाच्या सोळा मात्रा ठाऊक असतात. फंकचा हिशेबही सोळाचाच, फक्त तो फार छोट्या जागेत बसतो: चार ठोक्यांचं एक आवर्तन आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग. नोलनचा उजवा हात या सोळाही भागांवर वर-खाली, वर-खाली चालत राहतो. तो थांबतच नाही. काय ऐकू यायचं आणि काय नाही हे ठरवतो डावा हात. त्याची बोटं तारांवर नुसती टेकलेली असतील तर तारा गुंजत नाहीत, फक्त ‘चक् चक्’ असा कोरडा आवाज येतो. बोटांनी क्षणभर दाब दिला की स्वर उमटतो आणि दाब सोडताच मरतो. त्या दाबण्या-सोडण्यातून नक्षी तयार होते. कोंबडीने पायांनी माती उकरावी तसा तो कोरडा आवाज, म्हणून इंग्रजीत या शैलीला ‘चिकन स्क्रॅच’ म्हणू लागले. वर नोलनचे आवडते नवमस्वराचे मेळ, म्हणजे ब्लूजच्या स्वरमेळात वर आणखी एक स्वर चढवलेला. तो मेळ अर्ध्या स्वराने खालून वर सरकवायचा आणि लगेच तोडायचा. आवाज स्वच्छ ठेवायचा, विकृती नको, घरघर नको. पहिल्या ठोक्यावर, ब्राउनच्या भाषेत ‘वन’वर, सगळ्या संचाने एकवटायचं. गिटारने आधी यायचं नाही, मागे राहायचं नाही.

हे करून बघितलेल्या कुणालाही विचारा. पाच मिनिटांत मनगट भरून येतं. ब्राउनचे कार्यक्रम तासन्‌तास चालत आणि वर्षातले बहुतेक दिवस संच रस्त्यावर असे. शिवाय सूर चुकला किंवा बूट चमकत नसले तरी ब्राउन दंड करायचा, तोही मंचावरूनच, बोटांच्या खुणेने. अशा धाकात सोळापैकी एकही भाग न हुकवता तीच दोन आवर्तनं शंभर वेळा वाजवायची, आणि शंभराव्या वेळीही ती शिळी वाटू द्यायची नाहीत. सोलोमध्ये वादक चुकला तर ती जागा सांभाळून घेता येते. ठेक्यात चुकला तर नाचणाऱ्या माणसाचा पाय अडखळतो. माझ्या मते ही दुसरी परीक्षा जास्त कठीण आहे.

१९६७ च्या मे महिन्यात सिनसिनाटीत ब्राउनचं ‘कोल्ड स्वेट’ हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. तिथे स्वरमेळांची जुनी चाल जवळपास नाहीशी झाली आणि प्रत्येक वाद्य तालवाद्य बनलं. दुसरा गिटारवादक अल्फॉन्सो केलम होता. दोघं एकमेकांच्या मोकळ्या जागांत वाजवत, एकावर एक नाही. पुढच्या वर्षी, ४ एप्रिलला मार्टिन लूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी बॉस्टन गार्डनमध्ये ब्राउनचा कार्यक्रम ठरलेला होता. तो झाला आणि लोकांनी दंगलीच्या भीतीत घरी थांबावं म्हणून दूरचित्रवाणीवरून थेट दाखवला गेला. तरुण मुलं मंचावर चढली, पोलीस पुढे सरसावले, ब्राउनने पोलिसांना मागे हटवलं आणि संच पुन्हा वाजू लागला. नोलन त्या संचात होता. त्याच जूनमध्ये ब्राउन मोजक्या वादकांना घेऊन व्हिएतनाममध्ये सैनिकांसमोर गायला, तेव्हाही तो बरोबर होता.

१९७० मध्ये पैसे आणि दंड यांवरून संच फुटला. सॅक्सोफोनवादक मॅसिओ पार्करबरोबर नोलनही बाहेर पडला. ब्राउनने सिनसिनाटीहून कोवळ्या पोरांचा संच आणला आणि कॅटफिश कॉलिन्स गिटारवर बसला. त्यानेही तोच कोरडा ठेका पुढे चालवला. तोवर ही एका माणसाची लकब उरली नव्हती, फंकमध्ये गिटार अशीच वाजते असं ठरून गेलं होतं. नाइल रॉजर्सपर्यंत पुढचे कितीतरी हात याच वाटेने गेले. १९७२ च्या सुमाराला नोलन परतला. १९७४ साली झाईरच्या किन्शासात मुष्टियुद्धाच्या निमित्ताने झालेल्या मोठ्या संगीत महोत्सवातही तो वाजवत होता. १८ डिसेंबर १९८३ रोजी अटलांटात हृदयविकाराने तो गेला. वय ४९. तेव्हाही तो ब्राउनच्याच संचात होता.

१९७३ च्या ‘द पेबॅक’मध्येही त्याची गिटार आहे. १९९२ साली एन व्होग या गायिकांच्या चमूने त्या ध्वनिमुद्रणातला गिटारचा तुकडा उचलून आपलं गाणं बांधलं आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मूळ गाण्याचे रचनाकार म्हणून तीन नावं नोंदलेली आहेत: जेम्स ब्राउन, ट्रॉम्बोनवादक फ्रेड वेस्ली आणि ड्रमवादक जॉन स्टार्क्स. गिटारवादकाचं नाव त्यात नाही, आणि ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’वर तर एकट्या ब्राउनचं नाव आहे.