रस्त्यांवरील जाहिरात-फलक

सोमेश्वरनगराहून पुण्यास निघालेल्या प्रवाशास गावोगावी प्रथम फलकांचे दर्शन घडते. त्यांस कायदा नाही असे नव्हे. १९९५ च्या महाराष्ट्रीय कायद्यान्वये सार्वजनिक जागा परवानगीवाचून जाहिरातींनी विद्रूप करणे हा गुन्हाच होय. तथापि १७ एप्रिल २०२३ रोजी किवळे येथे पावसात फलकाच्या आडोशास थांबलेली पाच माणसे त्याच्याच खाली चिरडली. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरास सतरा बळी गेले. तेथील फलक १२० फुटी, पालिकेची मर्यादा मात्र ४० फुटांची!

उलटपक्षी अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९६८ साली असे फलक वर्ज्य केले, ब्राझीलच्या साओ पावलो नगरीने २००७ मध्ये ते उतरविले. आपली उणीव कायद्याची नसून अंमलाची आहे. म्हणून चिरंजीवांच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनीच परवान्याची पृच्छा करावी, हे उचित.