पुढच्या मुलांचा वाटा

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करताना आईच्या पोटातल्या बाळाचाही वाटा धरतात. मग हवेत त्याचा वाटा नको का?

कोळसा, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो शेकडो वर्षे हवेत राहतो व पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. म्हणजे जाळणारे आजचे, आणि चटके पुढच्यांना! झाडे हा वायू शोषून घेतात.

फिलिपिन्स देशात जंगलतोड फार झाली. तेव्हा १९९० साली तिथल्या मुलांनी आईवडिलांबरोबर कोर्टात दावा लावला. १९९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलांना पुढच्या पिढ्यांसाठीही दावा लावता येतो.

आपल्या देशात उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडेने २०१७ साली, नऊ वर्षांची असताना, हवामान बदलाबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. २०१९ साली तो फेटाळला गेला. पण २०२४ साली माळढोक पक्ष्याच्या खटल्यात आपले सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून बचाव हा माणसाचा हक्क आहे.

पोटातल्या बाळाला कोर्टात बोलता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी आपणच बोललं पाहिजे. आणि मोठ्या माणसांनी त्याचा वाटा राखून ठेवला पाहिजे.

– इयत्ता चौथी