बीट्ससाठी वापरलेला हार्डवेअर सॅम्पलर कसा निवडावा: सेकंद, साठवण आणि वीज

लॅपटॉपवर बीट्स तयार करणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी पडद्यापासून दूर, पॅडवर बोटांनी वाजवत काम करावंसं वाटतं. नवं यंत्र महाग पडतं, म्हणून आपण वापरलेल्या यंत्रांकडे वळतो. तिथे जाहिरातीत '१२ बिटचा जुना आवाज' असं लिहिलेलं असतं आणि त्या चार शब्दांवर अनेकांचे पैसे खर्च होतात. या पाठात आपण तीच निवड आकडेमोडीने कशी करायची ते पाहू. त्यासाठी साधा गुणाकार-भागाकार आला तरी पुरे.

१. मूळ कल्पना

सॅम्पलर बाहेरून आलेला आवाज ठरावीक अंतराने मोजतो आणि प्रत्येक मोजमाप एका संख्येत साठवतो. या एका संख्येला आपण 'नमुना' म्हणू आणि अशा संख्यांनी बनलेल्या आवाजाच्या तुकड्याला 'सॅम्पल'. एका सेकंदात किती नमुने घेतले हा सॅम्पलिंग रेट. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला हे बिटवरून कळतं. १२ बिटमध्ये ४,०९६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. अकाई एस९५० सारखं रॅकमध्ये बसणारं यंत्र फक्त सॅम्पलर आहे. त्याला पॅड नाहीत आणि सिक्वेन्सरही नाही. ते वाजवायला मिडीने जोडलेलं दुसरं साधन लागतं. एमपीसी किंवा एसपी मालिकेत सॅम्पलर, पॅड आणि सिक्वेन्सर एकाच पेटीत मिळतात. स्वस्त मिळाला म्हणून रॅक घेतला आणि वाजवायला काहीच नाही, असं होऊ देऊ नका.

२. पहिली गणना: किती सेकंद मावतात?

सेकंद = एकूण नमुने ÷ सॅम्पलिंग रेट

१९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० चा रेट २६,०४० हर्ट्झ आहे आणि त्यात सुमारे २,६२,००० नमुने मावतात. म्हणजे एकूण जेमतेम १० सेकंद. त्यातही एका सॅम्पलला जास्तीत जास्त २.५ सेकंद मिळतात.

आता अकाई एमपीसी २००० एक्सएल घ्या. १६ बिट म्हणजे २ बाइट, रेट ४४,१०० हर्ट्झ. मोनो आवाजाला सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. मूळच्या २ एमबी मेमरीत सुमारे २४ सेकंद बसतात, वाढवलेल्या ३२ एमबीमध्ये सुमारे ३८०. स्टिरिओ असेल तर निम्मे. प्रत्यक्षात आकडा थोडा कमीच मिळतो. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: मेमरी वाढवलेली आहे का, आणि किती?

सोडवलेलं उदाहरण: ९० बीपीएमच्या गाण्यातला चार ठोक्यांचा एक बार एसपी-१२०० मध्ये मावेल का?

एक ठोका = ६० ÷ ९० = ०.६६७ सेकंद. चार ठोके = २.६७ सेकंद. मर्यादा २.५ सेकंदांची आहे, म्हणजे मावणार नाही.

न्यूयॉर्कच्या हिप-हॉप निर्मात्यांनी यावर उपाय काढला. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर फिरवायची, तो वेगवान आवाज सॅम्पल करायचा आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवायचा. ४५ ÷ ३३⅓ = १.३५. तोच बार २.६७ ÷ १.३५ = १.९८ सेकंदांत येतो आणि मावतो.

३. तो 'जुना आवाज' येतो कुठून?

वरच्या युक्तीची किंमत मोजावी लागते. आवाज १.३५ पटीने खाली आणला की मूळ गाण्याच्या दृष्टीने रेट २६,०४० ÷ १.३५ = सुमारे १९,३०० हर्ट्झ उरतो. नायक्विस्टच्या नियमाप्रमाणे त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच, म्हणजे सुमारे ९,६५० हर्ट्झपर्यंतच्या कंप्रता टिकतात. झांजेची वरची चमक जाते. शिवाय हे यंत्र आवाज खाली आणताना मधले नवे नमुने गणित करून काढत नाही, असलेलेच पुन्हा वापरतं. त्यातून खरखर वाढते.

म्हणजे 'उबदार' आवाजाचं श्रेय एकट्या १२ बिटना देता येत नाही. कमी रेट, आवाज खालीवर करण्याची पद्धत आणि बाहेर पडतानाचे अ‍ॅनालॉग फिल्टर यांचा तो एकत्र परिणाम असतो. यातला पहिला भाग तुम्ही १६ बिटच्या यंत्रातही मिळवू शकता: सॅम्पल वेगाने घ्या, मग खाली उतरवा. हुबेहूब तो आवाज येणार नाही, पण त्या दिशेला नक्की जाल. फक्त आवाजासाठी संग्राहकांच्या दराने यंत्र घेण्याआधी हा प्रयोग करून पाहा.

४. ठोक्याची जागा

१९८८ च्या एमपीसी६० मध्ये तिचे रचनाकार रॉजर लिन यांनी स्विंगची सोय दिली, ती पुढच्या एमपीसींतही आहे. ९० बीपीएमला सोळाव्या भागाच्या दोन ठोक्यांना मिळून ३३३ मिलिसेकंद लागतात. स्विंग ५० टक्के असेल तर दुसरा ठोका १६७ व्या मिलिसेकंदाला पडतो, ६२ टक्के असेल तर २०७ व्या. हा ४० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजेच तो डोलणारा ताल. याच्या उलट रोलँड एसपी-४०४ एसएक्स मध्ये पॅटर्न नोंदवल्यावर एकेक ठोका उचलून सरकवता येत नाही. हात बसलेला असावा लागतो.

५. साठवण: बहुतेकांचा विसरलेला प्रश्न

जुन्या यंत्रांत सॅम्पल चालू मेमरीत राहतात. वीज गेली की पुसले जातात. ते ठेवायचे कुठे?

एमपीसी २००० एक्सएल मध्ये सहसा १.४४ एमबीची फ्लॉपी असते. भरलेली ३२ एमबी मेमरी उतरवायला २३ फ्लॉप्या लागतील. त्यात स्कझी जोडणीही आहे, तिला कार्ड वाचणारा अ‍ॅडॅप्टर लावता येतो. किंवा फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेनड्राइव्ह चालवणारा एम्युलेटर बसवता येतो. तो आधीच बसवलेला असेल तर त्या यंत्राला थोडे जास्त पैसे देणं योग्यच. एमपीसी १००० मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि यूएसबी आहे. एसपी-४०४ एसएक्स मध्ये साधं एसडी कार्ड चालतं. रोजच्या कामात हा फरक बिटच्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

६. वीज

परदेशातून आलेलं यंत्र घेत असाल तर मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानमध्ये १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, आपल्याकडे २३०. आत साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर १२० व्होल्टच्या यंत्रात जवळजवळ दुप्पट दाब जातो. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर पुरवठाच जळतो. अशा यंत्राला पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पट्टीवर '५०/६० हर्ट्झ' लिहिलंय का हेही बघा. फक्त ६० असेल तर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. ९ व्होल्ट अडॅप्टरवर आणि पेन्सिल सेलवर चालणाऱ्या एसपी-४०४ एसएक्स ला ही अडचण नाही. तिथे फक्त अडॅप्टरची धन-ऋण बाजू जुळवा.

७. पैसे देण्याआधीची तपासणी

१. प्रत्येक पॅड हळू आणि जोरात वाजवा. आवाज दोनदा उमटतो का, कमी-जास्त होतो का ते ऐका.
२. चाक सावकाश फिरवा. आकडे उड्या मारत असतील तर ते झिजलेलं आहे.
३. पडद्यामागचा उजेड मंद आहे का ते अंधारात पाहा.
४. नवं सॅम्पल घ्या, साठवा, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करून उघडा. ही सर्वांत महत्त्वाची चाचणी.
५. प्रत्येक आउटपुट आणि मिडी जोडणी वेगवेगळी तपासा.
६. अर्धा तास चालू ठेवा. काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात.

दुरून खरेदी करत असाल तर चौथ्या चाचणीचा सलग व्हिडिओ मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तो व्यवहार सोडून द्या.

८. निर्णय

पहिलंच यंत्र असेल आणि जागेवरच लूप वाजवायचे असतील, तर एसपी-४०४ एसएक्स. पूर्ण गाणं यंत्रावरच बांधायचं असेल, तर एमपीसी १०००, किंवा साठवण सुधारलेली २००० एक्सएल. एस९५० फक्त तेव्हा, जेव्हा मिडी पॅड आणि सिक्वेन्सर तुमच्याकडे आधीच आहेत. एसपी-१२०० चा विचार शेवटी: त्या १० सेकंदांत तुमचं काम बसतं हे कागदावर सिद्ध झाल्यावर.

स्वाध्याय

१. ८५ बीपीएमचा चार ठोक्यांचा बार किती सेकंदांचा? तबकडी ४५ वर फिरवली तर तो एसपी-१२०० मध्ये मावेल का? (उत्तर: २.८२ सेकंद; २.०९ सेकंद होतो, मावेल.)
२. १६ एमबी मेमरीत १६ बिट, ४४,१०० हर्ट्झचा स्टिरिओ आवाज किती सेकंद मावेल? (उत्तर: सुमारे ९५.)
३. तुमच्या शेवटच्या तीन बीट्समधल्या सगळ्या सॅम्पलची लांबी मोजा आणि बेरीज करा. तो आकडा घेऊनच जाहिराती वाचायला बसा.