शंभराच्या नोटेला जोड

पालक मेळाव्यात निधीचा विषय निघाला की मागच्या रांगा चुळबुळायला लागतात. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या मेळाव्यात मी मागच्याच रांगेत होतो. "पैशासाठी बोलावलं व्हय आपल्याला," असं शेजारचे गृहस्थ पुटपुटले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. प्रवेशासाठी पैसे उकळायला महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने बंदी आहे, पण पालकांच्या मनातला धसका काही गेलेला नाही. म्हणूनच निधीचं काम बघणाऱ्या सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "कुणी दिले, कुणी नाही, हे वर्गात कुणालाही कळणार नाही. नावं वाचून दाखवायची नाहीत."

मग त्यांनी मूळ गोष्ट मांडली. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने शब्द दिला होता: जितकी कुटुंबं निधीला हातभार लावतील, त्यातल्या प्रत्येकामागे मी पाचशे रुपये घालीन. कुटुंबाने पन्नास दिले की पाच हजार, याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. दिवाळीपर्यंतची मुदत आणि त्याच्या रकमेची कमाल मर्यादा सरांनी फळ्यावर लिहिली. खाली निधीचा उपयोग: परीक्षा शुल्क, खानावळीचं बिल, एसटीचा पास. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीच्या वर्गात पाऊल टाकलं की सवलतीचे का होईना, पैसे भरावे लागतात, आणि तिथेच काहींचं शिक्षण अडतं.

पावतीपुस्तकाच्या टेबलापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. पहिली पावती फाटेपर्यंत कुणी पुढे येत नव्हतं. मग एक बाई आल्या, पदराच्या गाठीतली शंभराची नोट काढून म्हणाल्या, "सोयाबीनचं काय खरं न्हाई सर, एवढंच हाय. चालतंय का?" सर म्हणाले, "मावशी, तुमच्या शंभरामुळं सहाशे झाले." बाईंनी पावती दोनदा निरखली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि मागच्या बाईला हाक मारली, "ये गं, शंभर दिले तरी चालतंय." सरांच्या भाषणाने जे झालं नव्हतं ते या हाकेने झालं. टेबलापुढे रांग लागली.

जितके रुपये तितकेच रुपये, असा सरळ हिशेब लावला असता तर या बाईंच्या शंभरामागे शंभरच आले असते, आणि एखाद्या आडत दुकानदाराच्या पाच हजारांपुढे त्यांनी टेबलाजवळ यायचंही टाळलं असतं. दुष्काळ आणि अतिवृष्टी आलटून पालटून सोसणाऱ्या धाराशिवमध्ये, २०२५च्या सप्टेंबरमधल्या पुराने भूम-परंड्याची शेतं खरवडून नेल्यानंतर तर, रुपये मोजणारी स्पर्धा पालकांवर लादणं मला अन्यायाचं वाटतं. माणसं मोजा.

अशा जोडदेणगीने, म्हणजे एकाच्या देणगीला दुसऱ्याने जोड दिल्याने, लोक जास्त देतात का, याची पाहणी डीन कार्लान आणि जॉन लिस्ट या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी पन्नास हजारांवर देणगीदारांना पत्रं पाठवून केली. ती २००७मध्ये प्रसिद्ध झाली. जोड मिळणार म्हटल्यावर दर पत्रामागची रक्कम १९ टक्क्यांनी वाढली. मात्र एकास एक जोड दिली काय किंवा एकास तीन, फरक पडला नाही. म्हणजे मोठ्या दात्याने फार ताणायची गरज नाही. आपल्या पैशांबरोबर आणखी कुणाचे तरी पैसे येणार, एवढी खात्री पुरते. पण ती खरी असायला हवी. पालकांनी दिलं नाही तरी दाता सगळी रक्कम देणारच असेल, तर तिला जोड कशाला म्हणायचं? ती फसवणूक आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड घराघरातल्या मूठभर धान्यावर उभा राहिला. याच जिल्ह्यात, निजामाच्या राजवटीत, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा लोकांच्या पाठबळावर चालली. स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक होते. मुलांच्या शिक्षणात आपलाही वाटा आहे ही भावना गरिबाला श्रीमंताइतकीच असते, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

देणगीवरची आयकराची सवलत सांगून शेतकरी पालकाला काही उपयोग नाही, शेतीच्या उत्पन्नावर त्याला आयकर भरावाच लागत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, हे मात्र दात्याने लक्षात ठेवावं. पालकाला हवी ती पावती, आणि वर्षअखेरीस किती मुलांची फी भरली गेली याचा हिशेब.

पुण्या-मुंबईत, परदेशात स्थिरावलेल्या धाराशिवकरांना माझी विनंती आहे. आपल्या महाविद्यालयाला एकरकमी मोठा धनादेश पाठवण्याआधी तिथल्या प्राध्यापकांशी बोला. दर कुटुंबामागे ठरावीक रक्कम द्यायचं कबूल करा, मर्यादा आणि मुदत जाहीर करा, आणि ही मुदत सोयाबीन विकून घरात पैसा आल्यानंतरची ठेवा.