चारमिनार रुपया आणि बहमनी नाणं : प्रत कशी ओळखायची?

बीदर-कलबुर्गीकडच्या जुन्या घरांत हाली सिक्का अजूनही निघतो. निजामाचं हे चलन १९५९ पर्यंत चाललं. आमच्याकडे आजीच्या गाठोड्यात चारमिनार छापाचे पाच चांदीचे रुपये होते. मंडळात दाखवायला न्यायचे म्हणून घरच्यांनी ते आदल्या दिवशी चिंच-राखेनं लख्ख घासले. नाणी चकाकली, पण संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत तिथंच उतरली.

प्रत ठरवताना मुख्यतः झीज बघतात. ढोबळ पायऱ्या अशा : फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकन नाण्यांसाठी मांडलेली १ ते ७० गुणांची पट्टीही आता सर्रास वापरतात.

चारमिनार रुपया यंत्रावर पाडलेला. त्यामुळे त्याची तपासणी सोपी. नाणं कडेनं धरा, तिरप्या उजेडात फिरवा. झीज आधी उंचवट्यांवर दिसते : मिनारांच्या रेषा, कमानी, अक्षरांचे माथे. मधल्या कमानीत राज्यकर्त्याचं आद्याक्षर असतं. महबूब अलींचं ‘मीम’, उस्मान अलींचं ‘ऐन’. ते स्पष्ट आहे का बघा. वजनही करा, ते ११.१८ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं.

बहमनी नाण्याला हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. ती हातोड्यानं ठोकलेली. ठसा मोठा, चकती लहान, म्हणून कडेची अक्षरं मुळातच कापली जातात. मधली अक्षरं टोकदार असतील, तर नाणं झिजलेलं नाही, छाप सरकलाय एवढंच. सगळीच अक्षरं सपाट असतील, तर ती झीज. टांकसाळीचं नाव, अहसनाबाद (गुलबर्गा) किंवा मुहम्मदाबाद (बीदर), पूर्ण वाचता आलं तर थोडं झिजलेलं नाणंही मोलाचं.

आता काळेपणाबद्दल. बिदरी भांड्याचा काळा रंग किल्ल्यातल्या मातीनं मुद्दाम आणतात. तो कुणी घासून काढत नाही. चांदीच्या नाण्यावरची काळसर झाकही तशीच राहू द्यावी. वर्षानुवर्षं ती सावकाश चढते. घासल्यानं बारीक ओरखडे पडतात आणि ते कायमचे राहतात.

शेतात नांगरताना नाणी सापडली, तर मात्र प्रत बघत बसू नका. आधी कलेक्टर कचेरीत वर्दी द्या.

आमचे ते पाच रुपये आता कागदी पाकिटात आहेत. त्यांतल्या एकाच्या कमानीतलं ‘ऐन’ घासण्यातूनही वाचलंय. तुमच्या घरी गाठोडं असेल, तर सोडा, बघा, पण धुऊ नका.